आम्लीय तलावांतील रोटिफर

सामू (पीएच) जितका कमी, तितके पाणी अधिक आम्लीय; तो ३ च्या खाली गेलेल्या पाण्यात मासे जगत नाहीत. तरीही अशा तलावांत काही बहुपेशीय प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वाढतात. त्यांत रोटिफर प्रमुख होत. त्यांची लांबी बहुधा ०.१ ते ०.५ मिमी. असते. डोक्यावरच्या पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) हलवून ते पोहतात व भक्ष्य तोंडाकडे ओढतात.

त्यांचा चांगला अभ्यास पूर्व जर्मनीतील लाउझित्स भागात झाला. तेथे लिग्नाइट या तपकिरी कोळशासाठी जमीन खोल खणली गेली आणि थरांतील पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज उघडे पडले. हवा व पाणी लागून त्यापासून सल्फ्यूरिक आम्ल तयार झाले. पुढे खाणी बंद पडल्या, भूजल वर चढले आणि खड्ड्यांचे तांबूस तलाव झाले. प्लेसा गावाजवळच्या ‘तलाव १११’ चा सामू सुमारे २.६ नोंदला गेला आहे. विरघळलेले लोह सामूतील बदलाला विरोध करते, त्यामुळे असे पाणी दशकानुदशके आम्लीयच राहते.

या तलावांना मृत म्हणणे चुकीचे आहे. येथील अन्नसाखळी आखूड आहे, पण पूर्ण आहे. क्लॅमिडोमोनास ॲसिडोफिला हे कशाभिकायुक्त (चाबकासारखे तंतू असलेले) सूक्ष्म शैवल प्रकाशसंश्लेषण करते आणि रोटिफर ते खातात. इतक्या आम्लात शैवलांना कार्बन पुरवणारे बायकार्बोनेट टिकत नाही, फॉस्फरसही दुर्मीळ असतो. म्हणून शैवल बेताचे आणि रोटिफरांचे अन्नही बेताचेच. त्यात पेशींमध्ये शिरणारे हायड्रोजन आयन सतत बाहेर टाकण्यासाठी ऊर्जा खर्च होते. मात्र स्पर्धक व भक्षक थोडे असल्याने या खर्चाची भरपाई होते. तलाव १११ मधील एक भक्षक तर विलक्षण आहे: ॲक्टिनोफ्रिस सोल हा एकपेशीय जीव बहुपेशीय रोटिफरालाही गिळू शकतो.

एलोसा वोराली, ब्रॅकिओनस सेरिकस आणि सेफॅलोडेला प्रजातीतील जाती येथे आढळतात. त्यांपैकी एका जातीला आधी सेफॅलोडेला हूडी समजले जाई. २०११ मध्ये तिचे सेफॅलोडेला ॲसिडोफिला या नावाने स्वतंत्र वर्णन झाले. खाणींचे तलाव जेमतेम शतकभराचे असले, तरी आम्लीय पाणी पृथ्वीवर फार जुने आहे. स्पेनमधील रिओ तिंतो या आम्लीय नदीतही रोटिफर सापडले आहेत.

लाउझित्समधील अनेक तलावांत चुना टाकून किंवा नदीचे पाणी सोडून आम्लता घटवली जाते. मासेमारी व पर्यटनासाठी ते उपयुक्त आहे. पण सामू वाढला की सामान्य गोड्या पाण्यातील जाती येतात आणि आम्लात टिकणाऱ्यांची मक्तेदारी संपते. त्यामुळे काही तलाव अभ्यासासाठी आम्लीयच ठेवणे योग्य ठरेल.