ब्राझीलमधील पोलिश समाज

पोलंडमधून ब्राझीलमध्ये स्थलांतरित झालेल्या, मुख्यतः शेतकरी कुटुंबांच्या वंशजांचा समाज. पाराना, सांता कातारिना आणि रिउ ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडील तीन राज्यांत त्याची वस्ती दाट असून पारानाची राजधानी कुरितीबा हे त्याचे प्रमुख केंद्र आहे. लोकसंख्येचे अंदाज 15 लाखांपासून 30 लाखांपर्यंत जातात. मुळातल्या नोंदीच गोंधळाच्या आहेत. 1795 मध्ये रशिया, प्रशिया (एक जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलासुरला भागही वाटून घेतला व 1918 पर्यंत हा देश नकाशावर नव्हता. त्यामुळे एकच भाषा बोलणारे लोक बंदरावरच्या वहीत कोणी रशियन, कोणी जर्मन, कोणी ऑस्ट्रियन म्हणून चढले.

पहिला गट 1869 मध्ये प्रशियाच्या ताब्यातील सिलेशियामधून सांता कातारिनातील ब्रुस्की येथे आला. ही वसाहत जर्मनांची. म्हणजे जर्मन सत्तेपासून दूर जायला निघालेले लोक पुन्हा जर्मन शेजारातच येऊन पडले. प्रशियाची लष्करभरती चुकवून आलेला सेबास्तियन वोश सापोर्स्की याने खटपट करून 1871 मध्ये त्यांना कुरितीबाजवळ पिलारझिन्यु येथे हलवले. पुढे हा भूमापक ‘ब्राझीलमधील पोलिश वसाहतीचा जनक’ म्हणून ओळखला गेला.

खरा लोंढा मात्र 1890 नंतरचा. पोलिश इतिहासात त्याला ‘ब्राझिलियन ताप’ म्हणतात. ब्राझीलमध्ये 1888 मध्ये गुलामगिरी संपली होती, सरकारला युरोपीय वसाहतकरी हवे होते आणि जहाजाचे भाडेही तेच भरत होते. रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये जमिनीचे तुकडे पडून पोट भरेनासे झाले होते. गावोगाव एक कथा फिरे: पाराना हा प्रदेश आजवर धुक्याने झाकलेला होता, पोलिश शेतकऱ्यांचे हाल पाहून मेरीमातेने ते धुके दूर केले आणि ती भूमी त्यांना दिली. प्रत्यक्षात वाट्याला आले ते आराउकारिया या सूचिपर्णी वृक्षांचे घनदाट जंगल. रोगराईत कित्येक कुटुंबे दगावली, काही परत फिरली. टिकले त्यांनी राय (गव्हासारखे धान्य), बटाटा, मका लावला आणि येर्बा माते या स्थानिक चहाच्या पानांच्या धंद्यातही शिरकाव केला. कुरितीबात भाजीपाला आणि दूध घेऊन येणारी घोडागाडी आणि ती हाकणारी डोक्याला रुमाल बांधलेली बाई हे दृश्य अनेक दशके नेहमीचे होते.

शाळा व चर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून उभारली. कुरितीबात 1892 पासून पोलिश वृत्तपत्र निघू लागले. मात्र ब्राझीलचे हुकूमशहा जेतुलियु व्हार्गास यांच्या राजवटीने 1938 पासून परकी भाषेतील शिक्षण बंद केले आणि त्यानंतर वृत्तपत्रांवरही गदा आली. पोलिश भाषा घराबाहेरून हटली ती यामुळे; स्वयंपाकघरात ती पुढेही तग धरून राहिली. पिएरोगी (उकडलेल्या करंज्या) आजही सर्रास होतात, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी अंडी, पाव, सॉसेज यांची टोपली चर्चमध्ये नेऊन पाद्र्याकडून आशीर्वादित करून घेतात. मूळचे पोलिश असलेले पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 1980 मधील भेटीनंतर कुरितीबात त्यांच्या नावाने उद्यान झाले. तिथे जुन्या वसाहतींतून आणलेली ओंडक्यांची घरे मांडली आहेत.

समाजाच्या नावाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पोर्तुगीजमध्ये पोलिश माणसाला ‘पोलाको’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये तो साधा शब्द आहे. ब्राझीलमध्ये पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या वेश्यांना, ज्यांत अनेक ज्यू होत्या, सरसकट ‘पोलाका’ (‘पोलाको’चे स्त्रीलिंगी रूप) म्हटले जाई. त्यातच अडाणी खेडवळ असाही अर्थ चिकटला. म्हणून सुशिक्षित पोलिशांनी ‘पोलोनेस’ या शब्दाचा आग्रह धरला आणि औपचारिक भाषेत तोच रूढ झाला. पारानात ‘पोलाको’ पूर्ण गेला नाही. कुरितीबाचे कवी पावलु लेमिन्स्की (1944–1989) यांचे वडील पोलिश वंशाचे आणि आई आफ्रिकी वंशाची. त्यांनी हा शब्द कवितेत स्वतःसाठी अभिमानाने वापरला.