हिरवा पडदा आणि बत्तीसचा बिट

जुन्या आयबीएम एक्सटी संगणकाचे बटण दाबले, एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू आले आणि काही क्षणांनी पडदा उजळला. काळा दिसायला हवा होता तो पडदा हिरवा होता. त्यावर करड्या रंगात उमटलेला सगळा मजकूर स्मॉल अक्षरांत होता आणि डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या खुणेत सी या अक्षरानंतर येणाऱ्या तिरक्या रेघेच्या जागी सरळ उभी रेघ दिसत होती. आकडे मात्र एकूण एक बरोबर होते, आणि पडद्याच्या कडेची पट्टीही काळीच होती. अशा वेळी ‘ग्राफिक्स कार्ड गेले’ असे म्हणून ते भंगारात टाकणारे अनेकजण मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते. कारण या पिढीतल्या कार्डाचा बिघाड बहुतेकदा पडद्यावरच लिहिलेला असतो.

हे कार्ड होते सीजीए, म्हणजे कलर ग्राफिक्स ॲडॅप्टर. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पहिला पीसी जाहीर केला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डावर पडद्याला जोडण्याची काहीच सोय नव्हती. त्यासाठी स्लॉटमध्ये वेगळे कार्ड बसवावे लागे. सीजीएवर १६ किलोबाइट मेमरी, पडद्यावरच्या ओळींची वेळ सांभाळणारी ६८४५ ही चिप, आणि अक्षरांचे आकार कायमचे कोरलेली एक रॉम असते. मजकूर दाखवताना पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २,००० घरे होतात, आणि प्रत्येक घरासाठी मेमरीत दोन बाइट राखलेले असतात. बाइट म्हणजे आठ बिटांचा गट; प्रत्येक बिट ० किंवा १ असतो आणि त्यांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशा असतात. पहिल्या बाइटमध्ये अक्षराचा क्रमांक असतो, तर दुसऱ्यात अक्षराचा आणि त्यामागच्या पार्श्वभूमीचा रंग. मूळ कार्डावर ही मेमरी आठ चिपांमध्ये वाटलेली आहे, आणि प्रत्येक चिप सर्व बाइटांमधला एकच ठरावीक बिट सांभाळते. निदानाची सगळी किल्ली या वाटणीत आहे.

आता हिशेब पाहू. कॅपिटल सीचा क्रमांक ६७ आणि स्मॉल सीचा ९९, म्हणजे फरक ३२ चा. तिरक्या रेघेचा क्रमांक ९२ आणि उभ्या रेघेचा १२४, म्हणजे पुन्हा ३२. शून्य ते नऊ या आकड्यांचे क्रमांक ४८ ते ५७ असून त्यांच्यात ३२ चा बिट आधीपासूनच १ असतो. म्हणून तो बिट १ वर अडकला तरी आकडे बदलत नाहीत, आणि ३२ हाच क्रमांक असलेली मोकळी जागाही मोकळीच राहते. रंगाच्या बाइटमध्ये नेहमीची किंमत ७ असते, म्हणजे काळ्यावर करडा. त्यात ३२ मिळवले की ३९ होतात, आणि या बाइटमध्ये ३२ चा बिट नेमका पार्श्वभूमीतल्या हिरव्या रंगाचा आहे. कडेच्या पट्टीचा रंग मेमरीतून येत नाही, तो कार्डावरच्या एका वेगळ्या रजिस्टरमधून, म्हणजे छोट्या नोंदीच्या जागेतून येतो, म्हणून ती काळी राहिली. सगळी लक्षणे एकाच वाक्यात मावतात: ३२ चा बिट सतत १ वर अडकला आहे.

एवढ्यावरून लगेच मेमरीची चिप काढायला घेणे मात्र घाईचे ठरेल, कारण तोच बिट वाटेत आणखी कुठेतरी अडकू शकतो. मेमरीतून बाहेर पडलेला अक्षराचा बाइट आणि रंगाचा बाइट पडद्याकडे जाताना दोन वेगवेगळ्या लॅच चिपांत थांबतात. त्यांपैकी एकच खराब असती, तर अक्षरे तरी बिघडली असती किंवा रंग तरी. दोन्ही एकदम बिघडले नसते. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधली, माहिती पुढे पोचवणारी बफर चिप खराब असेल का? ६८४५ ला रकान्यांची संख्या सांगणारा ८० हा आकडा त्याच बफरमधून जातो. त्यात ३२ चा बिट अडकला असता, तर ८० चे ११२ झाले असते आणि पडद्यावर स्थिर चित्र उभेच राहिले नसते. शेवटी डॉसच्या डीबग प्रोग्रामने पडद्याची मेमरी वाचून पाहिली, तर ०७ च्या ठिकाणी सगळीकडे २७ आले, आणि षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीतले २७ म्हणजे दशमान ३९. प्रोसेसरलाही तेच दिसत होते, जे डोळ्यांना दिसत होते, म्हणजे दोष मेमरीच्या चिपमध्येच होता.

हे वाचायला मिळाले, कारण कार्डाला वीज सुखरूप पोचली होती. ती काळजी बटण दाबण्याआधी घ्यावी लागते. त्या काळच्या बोर्डांवरचे टँटलम कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर शॉर्ट होतात, मग पॉवर सप्लाय सुरूच होत नाही किंवा कपॅसिटर फुटून धूर निघतो. म्हणून कार्ड हातात असतानाच मल्टिमीटर लावून कार्डाच्या स्लॉटमध्ये शिरणाऱ्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी (यांना बोटे म्हणतात) बी बाजूच्या पहिल्या बोटाशी, म्हणजे ग्राउंडशी, तिसऱ्या आणि नवव्या बोटाचा रोध मोजावा. तिसरे बोट ५ व्होल्टचे आणि नववे १२ व्होल्टचे आहे, आणि दोन्हींपैकी कुठेही रोध जवळपास शून्य आला तर कार्ड स्लॉटमध्ये घालूच नये. बोटे काळवंडली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. खरखरीत खोडरबराने घासण्याचा रिवाज मला पसंत नाही, कारण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. मदरबोर्डावरचे पाचवे आणि सहावे स्विच सीजीएसाठी लावावेत. मॉनिटरही सीजीएचाच हवा. एकरंगी एमडीए कार्डाच्या मॉनिटरला तसाच नऊ पिनांचा प्लग असतो, पण तो सेकंदाला सुमारे १८,४०० ओळींसाठी बनवलेला आहे, तर सीजीए सुमारे १५,७०० ओळी पाठवते, आणि या चुकीच्या जोडणीने मॉनिटर जळू शकतो.

एक गोष्ट बिघाड समजू नये. ८० रकान्यांच्या मजकुरात काही प्रोग्राम चालताना पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरतात. प्रोसेसर मेमरीला हात घालतो त्याच क्षणी पडद्यालाही तिथले वाचायचे असते, पडद्याच्या वाट्याला भलताच बाइट येतो, आणि त्या घरात क्षणभर कचरा दिसतो. मूळ कार्डाची रचनाच तशी आहे. रॉममधले २५६ आकारही असेच पक्के होते, त्यात देवनागरीला जागा नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले, भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट तंत्रज्ञान स्वतंत्र कार्डाच्या रूपाने आले, त्यामागे हीच अडचण होती.

मेमरीच्या आठ चिपांपैकी नेमकी चिप शोधण्यासाठी कार्डाच्या बोटापासून बफरपर्यंत आणि बफरपासून मेमरीपर्यंतचा तांब्याचा माग मल्टिमीटरच्या आवाजावर काढला. मग त्या चिपचे पाय कापले, एकेक पाय तापवून चिमट्याने ओढला आणि जागेवर सॉकेट सोल्डर केले. अखंड चिप उपटण्याच्या नादात बोर्डावरची पट्टी उखडते, आणि ते नुकसान भरून काढणे फार कठीण जाते; चिप तशीही मेलेली असते, तिची दया करू नये.

नवी चिप बसवल्यावर पडदा काळा झाला, सी कॅपिटल दिसला आणि रेघ तिरकी. तरीही एवढ्याने चाचणी पुरी होत नाही. कॅपिटल यू या अक्षराचा क्रमांक ८५ आहे आणि त्यात शून्य आणि एक आळीपाळीने येतात. त्याच्या नेमका उलटा १७० हा कोपऱ्यात वाकलेल्या रेघेच्या चिन्हाचा क्रमांक आहे. डीबगने सगळी २,००० घरे आधी यूने आणि मग त्या चिन्हाने भरली, म्हणजे अक्षरांच्या बाइटांतील प्रत्येक बिटला दोन्ही बाजूंना झुकावे लागले. जुन्या चिपा थंड असताना नीट वागतात आणि तापल्यावर चुकतात, म्हणून संगणकाचे झाकण लावून तो दोन तास तसाच चालू ठेवला. दोन तासांनी पाहिले, तेव्हा वाकलेल्या रेघा पंचवीसही ओळींत जशाच्या तशा उभ्या होत्या.