लस गारठते तेव्हा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिलेल्या माणसाला बर्फाची महती सांगावी लागत नाही. सुरमई असो वा बांगडा, जितका बर्फ अधिक तितका माल टिकणार, हा तिथला रोखठोक हिशेब आहे. हाच हिशेब आपण नकळत लसीलाही लावतो आणि तिथे फसतो. लसीला उष्णता सोसत नाही हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कित्येक लसी एकदा गोठल्या की कायमच्या निकामी होतात, याची चर्चा फारशी होत नाही.

बालकांच्या नेहमीच्या लसीकरणातील बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. गोवर-रुबेला आणि तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस यांत दुर्बळ केलेले जिवंत विषाणू असतात आणि उष्णतेने ते मरतात. पाच रोगांवरची एकत्रित पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, गरोदर स्त्रियांना दिली जाणारी धनुर्वात-घटसर्पाची टीडी या लसींचा स्वभाव निराळा आहे. त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात. या क्षारामुळे शरीराचा प्रतिसाद अधिक जोरकस होतो, हे अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये घटसर्पाच्या लसीवर काम करताना दाखवून दिले होते. लसीचा मुख्य घटक या कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. बाटली गोठली की पाण्याचे स्फटिक वाढत जाऊन हे कण एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि बर्फ वितळल्यावरही त्या सुटत नाहीत. फाटलेले दूध कितीही ढवळले तरी एकजीव होत नाही, तसाच हा प्रकार. वाईट असे की, वितळलेली बाटली हलवली तर ती पूर्वीसारखीच गढूळ दिसते. संशय आल्यास त्याच उत्पादन-गटातील (बॅचमधील) एक बाटली मुद्दाम गोठवून, वितळवून, दोन्ही सारख्या हलवून शेजारी ठेवतात. गोठलेल्या बाटलीतला साका भराभर तळाशी बसतो. संशयित बाटलीतही तो तितक्याच वेगाने बसला, तर ती लस टाकून द्यायची असते.

लस टिकवण्याची ही धडपड आपल्याकडे दोन शतकांहून जुनी आहे. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने आलेली ती लस उन्हात टिकावी म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, अशी माणसांचीच साखळी करावी लागे. पुढे विसाव्या शतकात गोठवून सुकवलेली, उन्हातही महिनाभर तग धरणारी लस आली आणि गावोगाव फिरणाऱ्या देवीडॉक्टरांचे काम सोपे झाले. इतर लसींच्या नशिबी मात्र अजून बर्फ आहे.

कोकणात या कामाला हवेचीही साथ नाही. देशावर कोरड्या हवेत माठातले पाणी झिरपून झपाट्याने वाफ होते, आणि ती वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जाते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि माठ नावापुरताच गार राहतो. त्यातून वादळवारे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोलीच्या पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते आले तेव्हा तर कोविडची लसीकरण मोहीम ऐन भरात होती. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसी २ ते ८ अंशांत टिकणाऱ्या होत्या, हे आपले भाग्यच म्हणायचे. उणे ७० अंशांची मागणी करणारी लस आडगावच्या आरोग्य केंद्रात आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर कशी सांभाळली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर (आईस-लाइन्ड रेफ्रिजरेटर), म्हणजे लसी ठेवण्याचा खास फ्रीज, हा घरच्या फ्रीजपेक्षा वेगळा असतो. त्याचे झाकण वरच्या बाजूला असते, त्यामुळे ते उघडले तरी जड असलेली गार हवा बाहेर सांडत नाही. भिंतींच्या आत बर्फाचे अस्तर असल्याने दिवसाच्या २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी त्याचे काम भागते. तळ आणि भिंती सर्वांत थंड, म्हणून गोठण्याने बिघडणाऱ्या लसी टोपलीत वरच्या बाजूला ठेवतात.

खरी कसोटी आरोग्यसेविका लसींचा थंड डबा घेऊन साकव ओलांडून वाडीवर निघते तेव्हा लागते. डीप फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक उणे २० अंशांच्या आसपास असतो; तो तसाच डब्यात भरला तर पेंटाव्हॅलंटची बाटली वाटेतच गोठू शकते. म्हणून तो काही वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळू लागले की मगच भरायचा. अर्धवट वितळलेला बर्फ शून्य अंशावर स्थिर राहतो, कारण बाहेरून येणारी उष्णता तो वितळण्यातच खर्च करतो. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाण्याचा धोका असतो, आणि माझ्या मते ही खुळखुळ ऐकण्याची सवय एखाद्या महागड्या यंत्राच्या तोडीची आहे.

बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन छापलेला दिसतो. उष्णता साठत गेली की चौकोन गडद होतो, आणि तो वर्तुळाच्या रंगाला मिळाला की बाटली बाद. पालकांनी ही खूण पाहायला मागितली तर त्यात गैर काही नाही. मात्र ती उष्णतेचीच साक्ष देते, गोठण्याची नाही. घरी इन्शुलिन ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे: ते बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला टेकवून ठेवू नये, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळवून वापरू नये.

संध्याकाळी डबा परत आल्यावर पेंटाव्हॅलंटची उघडलेली बाटली, नियम पाळले असतील तर, २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांत वापरता येते. गोवर-रुबेलाची पूड एकदा द्रवात मिसळली की चार तासांत संपवावी लागते. तरीही शिमग्याला आलेल्या एखाद्या चाकरमान्याचे एकच मूल सत्राला आले, तर त्या एकट्यासाठीही नवी बाटली फोडावी आणि उरलेल्या मात्रा टाकून द्याव्यात, असाच नियम आहे.