धोतरा आणि सायकेडेलिक वनस्पती

पुणे परिसरात आपोआप उगवणारी आणि भास घडवणारी सर्वांत परिचित वनस्पती म्हणजे धोतरा. टेकड्यांचे पायथे, मुठेचा काठ, राडारोडा टाकलेले प्लॉट अशा जागी तो हमखास दिसतो. गणपतीच्या २१ पत्रींत त्याचे पान असते, महाशिवरात्रीला काटेरी फळ शंकराला वाहतात. या मानामुळेच अनेकजण त्याला अयाहुआस्का (दक्षिण अमेरिकेतला भास घडवणारा काढा) किंवा मेस्कलिन अशा सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा बदलणाऱ्या पदार्थांच्या पंगतीला बसवतात. औषधशास्त्राच्या दृष्टीने ही पंगत साफ चुकीची आहे.

सायलोसायबिन (हे अळंबीत सापडते, म्हणजे काटेकोरपणे वनस्पतीत नव्हे), पेयोटी निवडुंगातले मेस्कलिन आणि अयाहुआस्कातले डीएमटी हे मुख्यतः मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ५-एचटी२ए ग्राहींवर (रसायनाचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील जागांवर) काम करतात. जाणिवा बदलतात, पण आपण काय घेतले आहे याचे भान बहुधा राहते आणि अनुभव पुढे आठवतो. अशा अनुभवानंतर सांगितला जाणारा दृष्टिकोनातला बदल या आठवणीवरच उभा असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३६ निरोगी स्वयंसेवक होते. मात्रा ७० किलो वजनाला ३० मिलिग्रॅम सायलोसायबिन, बैठक ८ तासांची, सोबत प्रशिक्षित निरीक्षक आणि आधी अनेक तासांची तयारी. सुमारे दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत गणला. दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही: ११ जणांना बैठकीत तीव्र भीती वाटली. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आजार असलेल्यांना अशा प्रयोगांत सहसा घेतच नाहीत.

धोतऱ्याचे गणित वेगळे. त्यातील अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे मस्करिनिक प्रकारचे ग्राही अडवतात. परिणाम म्हणजे निव्वळ बुद्धिभ्रम. माणूस नसलेल्या व्यक्तीशी गप्पा मारतो, हवेतले दोरे वेचतो आणि शुद्धीवर आल्यावर यातले फारसे आठवत नाही. ज्यातून काही उमजावे असे हाती उरतच नाही. सोबत तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, लाल तापलेली कातडी, धडधड, लघवी अडकणे. लक्षणे साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतात, पण आतड्याची हालचाल मंदावल्याने विष सावकाश शोषले जाते आणि भ्रम २४ ते ४८ तास टिकू शकतो. ‘अजून काही चढले नाही’ म्हणून पुन्हा घेणारे इथेच फसतात. झाडागणिक, फळागणिक या विषारी द्रव्यांचे (अल्कलॉइडचे) प्रमाण बदलते; त्यामुळे सुरक्षित मात्रा सांगताच येत नाही.

बी ओळखण्याची गरज विषबाधेच्या तपासात पडते, कारण ते मिरचीच्या बीसारखे दिसते. धोतऱ्याचे बी मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळसर तपकिरी, जाड आणि बाहेरच्या कडेला दुपदरी असते. मिरचीचे बी गोलसर, फिकट पिवळे, पातळ आणि एकपदरी कडेचे. उभे कापल्यास धोतऱ्यात गर्भ बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, मिरचीत आत.

कायदाही वेगवेगळा लागतो. सायलोसायबिन, मेस्कलिन व डीएमटी १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत आहेत, धोतरा नाही. यादीत नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढणारे शेवटी अतिदक्षता विभागात पोचतात.

विषबाधेची शंका येताच १०८ ला फोन करावा. मीठपाणी पाजून उलटी काढू नये, कारण गुंगीत ती श्वासनलिकेत जाऊ शकते. घाम बंद झालेला असतो, म्हणून अंग ओल्या फडक्याने पुसावे. सर्दीच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देऊ नयेत. त्यातल्या बऱ्याच हेच ग्राही आणखी अडवतात. उरलेले फळ, बी किंवा काढा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावा. रुग्णालयात अस्वस्थतेसाठी बेंझोडायझेपाइन गटातले शामक औषध, अडकलेल्या लघवीसाठी नळी आणि वेळेत पोचल्यास पोटातले विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा देतात. उतारा फायसोस्टिग्मीनचा. त्याच औषधगटातले निओस्टिग्मीन मेंदूत शिरत नाही, म्हणून भ्रमावर ते चालत नाही.