नामतजिराची चित्रे आणि छापण्याच्या हक्काचा घोळ

मध्य ऑस्ट्रेलियातल्या निसर्गचित्रांचा विषय निघाला की रेक्स बॅटरबी आणि अल्बर्ट नामतजिरा ही चित्रकारांची जोडी येतेच. १९३६ मध्ये दोघांत ठरले ते असे: अरांडा या तिथल्या आदिवासी समाजातल्या नामतजिराने उंट सांभाळायचे, वाट दाखवायची, पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या बॅटरबीने जलरंग शिकवायचे. त्या कोरड्या हवेत आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) अर्ध्यावरच वाळतो आणि मधे कडक कड उमटते. ब्रश भरपूर ओला ठेवून एका दमात वरून खाली यावे लागते. पांढऱ्या खोडाच्या झाडासाठी पांढरा रंग लावायचा नाही, कागदच कोरा राखायचा. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या प्रदर्शनात नामतजिराची सगळी चित्रे विकली गेली. बॅटरबी पुढे अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाच राहिला.

खरा गुंता पुढचा. चित्र विकत घेणाऱ्याला ते भिंतीवर लावता येते, पण छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. १९५७ मध्ये नामतजिराने छापण्याचा परवाना १२.५ टक्के रॉयल्टीवर एका प्रकाशकाला दिला. १९५९ मध्ये तो वारला आणि मालमत्तेचा कारभार सरकारी विश्वस्ताकडे गेला. १९८३ मध्ये त्या कार्यालयाने परवाना नव्हे, कॉपीराइटच ८,५०० डॉलरला प्रकाशकाला विकून टाकला. कुटुंबाला विचारलेही नाही, आणि रॉयल्टी बंद झाली.

तेव्हाच्या कायद्यात कॉपीराइटची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षे, म्हणजे २००९ अखेरपर्यंत होती. विक्रीच्या वेळी २६ वर्षे उरलेली. २००५ पासून ती ७० वर्षे झाली. (आपल्याकडे ६० आहे.) नामतजिराचा कॉपीराइट तेव्हा जिवंत असल्याने थेट २०२९ पर्यंत गेला, आणि वाढीव २० वर्षे आयती विकत घेणाऱ्याच्या पदरात पडली. हा व्यवहार कायदेशीर होता असे म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा.

२०१७ मध्ये एका उद्योजकाच्या मध्यस्थीने कॉपीराइट कुटुंबाच्या ट्रस्टकडे १ डॉलरला परत आला. पुढच्या वर्षी सरकारने भरपाईही दिली.

आज एखादे चित्र छापायचे तर ते ज्या संग्रहालयात आहे त्याच्याकडून चांगला फोटो मिळवावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही; छापण्याची परवानगी हक्कधारकाकडूनच घ्यावी लागते. बॅटरबी १९७३ मध्ये गेला, त्याच्या चित्रांची मुदत २०४३ अखेर संपते. दोघांची चित्रे शेजारीशेजारी छापणाऱ्याला २०२९ पर्यंत दोन ठिकाणी अर्ज करावे लागतील.