लहान ख्रिस्ती समूह (एससीसी)

कॅथलिक धर्मग्राम म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक घरं, आणि त्या पॅरिशमधल्या शेजारशेजारच्या काही घरांचा मिळून जो गट करतात तो लहान ख्रिस्ती समूह. मुंबई-वसईकडे एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे एससीसीच (स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी) म्हणतात. "आज आमच्याकडे एससीसी आहे" म्हणजे संध्याकाळी गल्लीतली नाहीतर बिल्डिंगमधली माणसं घरी जमणार, शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचणार, त्यावर बोलणार, प्रार्थना करणार, मग चहा. तमिळनाडूत ह्यालाच अन्बियम म्हणतात, पूर्व आफ्रिकेत जुमुइया.

चर्चमध्ये गट तसे आधीपासून बरेच असतात, गायकवृंद, तरुणांचा ग्रुप, करिस्मॅटिक (पवित्र आत्म्यावर भर देणाऱ्या, मोकळ्या पद्धतीच्या) प्रार्थनासभा वगैरे, पण तिथे माणूस आपल्या आवडीने जातो. एससीसीत तसं नाही, तुम्ही जिथे राहता तो तुमचा गट, मग पार्किंगवरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही त्यातच. खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही इथेच आहे.

मूळ शोधायचं तर लोक बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय दाखवतात, पहिले ख्रिस्ती घरोघरी जमून भाकर मोडायचे तो. आजचा प्रकार मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, 1962-65) आसपासचा. लॅटिन अमेरिकेत गावं लांबलांब आणि फादर कमी, कित्येक ठिकाणी महिनोन्महिने मिस्साच (फादरांशिवाय न होणारी मुख्य उपासना) व्हायची नाही, मग लोकच जमून बायबल वाचायला लागले आणि वाचता वाचता जमीन, मजुरी, पाणी ह्यावर बोलायला लागले. 1968 मध्ये कोलंबियातल्या मेडेलिनला तिथल्या बिशपांच्या सभेने ह्या गटांना उचलून धरलं. पुढे ते मुक्तीच्या ईशज्ञानाशी (गरिबांची अन्यायातून सुटका हाच श्रद्धेचा गाभा मानणारा विचार) जोडले गेले आणि त्या विचारातल्या काही गोष्टींवर व्हॅटिकनने 1984 मध्ये कडक टीकाही केली. पूर्व आफ्रिकेतली गोष्ट वेगळी, तिथे 1970 च्या दशकात बिशपांनीच ठरवलं की पॅरिश उभी करायची ती अशा गटांवर. पोप सहावे पॉल ह्यांनी 1975 च्या पत्रात अशा गटांचं स्वागत केलं पण चर्चपासून फुटून वेगळी चूल मांडू नका असंही बजावलं.

आपल्याकडे बायबल शेअरिंगची जी पद्धत सगळ्यात जास्त चालते ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, फ्रिट्झ लोबिंगर आणि ओस्वाल्ड हिर्मर ह्या दोन जर्मन धर्मगुरूंची (दोघे नंतर तिथेच बिशप झाले). सात पायऱ्या आहेत. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, मनाला लागलेला शब्द किंवा ओळ मोठ्याने म्हणायची, तीही दोन-तीनदा आणि काहीही स्पष्टीकरण न देता, मग थोडा वेळ गप्प बसायचं, मग मनात काय आलं ते सांगायचं, मग आता आपण काय करायचं ते ठरवायचं, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना. पाचव्या पायरीला नियम असा की प्रवचन नाही, वाद नाही, दुसऱ्याला सुधारणं नाही, स्वतःपुरतं बोलायचं. ह्यामुळे शाळा फार न शिकलेली आजीसुद्धा बोलते, आणि फादर आले असतील तर त्यांनाही ऐकत बसावं लागतं, जे सगळ्याच फादरांना जमतं असं नाही.

माझ्या मते ह्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी सहावी आणि नेमकी तीच गळते. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलाची फी अडलीये, कचऱ्यासाठी पालिकेत कोण जाणार, हे ठरवायची जागा तीच. ते झालं नाही की उरते रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि चहा, त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी वेगळा गट कशाला हवा.

आशियातल्या बिशपांच्या महासंघाने 1990 मध्ये इंडोनेशियात बांडुंगला ही दिशा अधिकृतपणे घेतली. मुंबई महाधर्मप्रांतात (आर्चबिशपांच्या अखत्यारीतला भाग) काम त्याआधीच सुरू होतं, साहाय्यक बिशप बॉस्को पेन्हा ह्यांनी ते वर्षानुवर्षं लावून धरलं. वसई 1998 मध्ये वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा ही रचना तिकडच्या लोकांना नवी नव्हती, फरक एवढाच की तिथे शेअरिंग मराठीत आणि मधेच तिथल्या कुपारी नाहीतर वाडवळी बोलीत घसरतं.

गट चालवणाऱ्याला एनिमेटर म्हणतात, ते बहुतेक बायकाच असतात, पुरुष पाहुणचाराला आणि नाताळच्या कार्यक्रमाला हजर. जुनी तक्रार म्हणजे तरुण येत नाहीत, दुसरी म्हणजे घर लहान म्हणून काहींना बोलवायला संकोच वाटतो. शहरात आता रीडेव्हलपमेंटची भर पडलीये, चाळ पाडली की लोक दोन-तीन वर्षांसाठी भाड्याने कुठे कुठे पांगतात आणि शेजारावर उभा असलेला गट व्हॉट्सॲपवर येऊन थांबतो.