हरकती आल्या, पण कोणाच्या? ई-व्यवसाय मानकांची पार्श्वभूमी

खरेदीची ऑर्डर, बीजक, माल रवाना झाल्याची सूचना हे कागद एका कंपनीच्या संगणकातून दुसऱ्या कंपनीच्या संगणकात माणसाचा हात न लागता जायचे असतील, तर कोणती माहिती कुठे आणि कशी लिहायची हे दोघांना आधी ठरवावं लागतं. सगळ्यांसाठी ते एकदाच ठरवलं की त्याचं मानक होतं. आज अशा मानकाचा मसुदा जाहीर होतो, मुदत दिली जाते, हरकती व सूचना मागवल्या जातात आणि प्रत्येकीचं काय केलं याची नोंद राहते. ही शिस्त अंगी बाणायला काही दशकं गेली. या काळात अभिप्रायांचा तुटवडा फारसा कधी नव्हता. ते कोणाकडून येतात आणि आल्यावर त्यांचं काय करायचं, इथे मात्र गाडं पुन्हा पुन्हा अडलं.

या कथेची सुरुवात बहुतेक जण १९४८ च्या बर्लिनपासून करतात. सोव्हिएत नाकेबंदीमुळे शहराला सगळा पुरवठा विमानाने करावा लागत होता. एकूण सुमारे २३ लाख टन माल असा पोचवला गेला. मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत आणि वेगवेगळ्या भाषांत येत. अमेरिकी लष्कराच्या रसद विभागातले एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलेक्सवर, रेडिओवर किंवा फोनवरूनही सांगता येईल अशी एकच ठरावीक यादी तयार केली. तिच्यावर कोणाचं मत मागवायची गरज पडली नाही, कारण यादी बनवणारे आणि रोज वापरणारे एकाच ठिकाणी राबत होते. चूक झाली तर ती दुसऱ्या विमानाच्या वेळी दिसायची. मानकाच्या इतिहासात अभिप्राय इतका जवळ पुन्हा कधीच नव्हता.

गिल्बर्ट पुढे ड्यूपाँ या रसायन कंपनीत गेले आणि तीच कल्पना मालवाहतूकदारांबरोबरच्या व्यवहारात आणली. १९६८ मध्ये अमेरिकेत रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान वाहतुकीसाठी एक समन्वय समिती उभी राहिली. तिची पहिली मानकं १९७५ मध्ये आली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने अशा मानकांसाठी एक्स१२ ही समिती नेमली; तिची मानकंही याच नावाने ओळखली जातात. यानंतर मानक ठरायला लागलं ते बैठकीत, आणि बैठकीला जायला तिकीट, हॉटेल आणि आठवडाभर मोकळा करता येईल असा माणूस लागतो. साहजिकच टेबलाभोवती मोठे खरेदीदार, मोठे वाहतूकदार आणि सॉफ्टवेअर विकणारे जमले. ज्यांना खरेदीदाराने ‘अमुक तारखेपासून ऑर्डर अशीच येईल’ असं कळवायचं, ते शेकडो छोटे पुरवठादार त्या खोलीत नव्हते. त्यांचं मत मागितलं गेलंच, तर ते हो किंवा नाही एवढ्यातच मागितलं जाई, आणि नाही म्हटलं तर ऑर्डर जायची.

तिकडे संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगात व्यापाराची कागदपत्रं एकसारखी करण्याचं काम साठच्या दशकापासून सुरू होतं. युरोपची पद्धत आणि अमेरिकेची पद्धत यांचा मेळ घालून १९८७ मध्ये ईडीफॅक्ट या संगणकी व्यापार-संदेशांच्या पद्धतीचे नियम ठरले आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडून ९७३५ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. मेळ घातला याचा अर्थ एकमत झालं असा कोणी घेऊ नये. १९९२ मध्ये एक्स१२ च्या सभासदांनी आपली चौथी आवृत्ती झाल्यावर, म्हणजे १९९७ च्या सुमारास, ईडीफॅक्टकडे वळायचं असा कौल दिला. प्रत्यक्षात ज्यांच्या यंत्रणा एक्स१२ वर नीट चालत होत्या, त्यांना त्या मोडून नव्या बसवण्याचं कारण दिसेना. तो कौल कागदावरच राहिला. अमेरिकेत एक्स१२ आजही धडधाकट आहे. समितीत हात वर करणारे आणि बदलाचा खर्च सोसणारे वेगळे असले की हे असंच व्हायचं.

ईडीफॅक्टने एक गोष्ट मात्र नीट बसवली: बदल मागण्याची रीतसर वाट. एखाद्या उद्योगाला नवा कोड किंवा नवा रकाना हवा असेल तर त्याने ठरावीक अर्ज भरायचा, त्यात धंद्याची गरज सांगायची. अर्जाची छाननी होई, तांत्रिक तपासणी होई आणि मंजूर झाला तर पुढच्या निर्देशिकेत, म्हणजे संदेश आणि कोड यांच्या अधिकृत यादीत, तो बदल येई. निर्देशिका वर्षाला दोन निघायच्या, वर्षाच्या आकड्यापुढे ए आणि बी लावून. ९६ए, ०१बी ही नावं या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी अजूनही असतात.

आता या चांगल्या व्यवस्थेचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ईडीफॅक्टच्या संदेशात नाव-पत्त्यासाठी ‘एनएडी’ नावाचा खंड असतो. त्यात पुढचं नाव कोणाचं हे दोन अक्षरी कोडने सांगायचं: बीवाय म्हणजे खरेदीदार, एसयू म्हणजे पुरवठादार, डीपी म्हणजे माल जिथे उतरवायचा तो, आयव्ही म्हणजे ज्याच्या नावे बिल काढायचं तो. इथपर्यंत ठीक. मग विमा कंपन्यांना त्यांचे पक्ष हवे झाले, सीमाशुल्कवाल्यांना त्यांचे, बँकांना त्यांचे. प्रत्येकाची गरज खरी होती, अर्ज नियमाप्रमाणे होता, त्यामुळे नकार द्यायला कारण नव्हतं. यादी शेकड्यांत गेली. संदेशातले बहुतेक खंड ‘सशर्त’, म्हणजे वापरले तर वापरले, नाहीतर सोडले. परिणाम असा की नुसतं ‘आम्ही ईडीफॅक्टचं बीजक पाठवतो’ म्हणून भागेना. त्यातलं काय वापरायचं, काय नाही, हे सांगणारी जाडजूड मार्गदर्शिका प्रत्येक मोठी कंपनी काढू लागली आणि दहा खरेदीदार असलेल्या पुरवठादाराला दहा मार्गदर्शिका पाळाव्या लागल्या. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महागडा धडा हाच. आलेली प्रत्येक सूचना मान्य केली की मानक कोणाचंच राहत नाही, आणि त्याचा भार शेवटी त्याच्यावर पडतो ज्याने एकही सूचना पाठवलेली नसते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल ही माहितीला खुणा लावून लिहायची पद्धत आली आणि दोन-तीन वर्षांत जो तो आपापली शब्दावली घेऊन पुढे आला: इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची रोझेटानेट, अरिबा कंपनीची सीएक्सएमएल, कॉमर्स वन कंपनीची एक्ससीबीएल. हा पसारा आवरायला नोव्हेंबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार सुलभीकरणाचं काम पाहणारी यूएन/सेफॅक्ट आणि संगणकी मानकं बनवणारी ओएसिस या संस्थांनी मिळून ईबीएक्सएमएल हा प्रकल्प सुरू केला. मुदत अठरा महिन्यांची, आणि दार सगळ्यांना उघडं. मे २००१ मध्ये व्हिएन्नाच्या बैठकीत काम वेळेवर संपलं, जे मानकांच्या जगात दुर्मीळच. त्यातला संदेशवहनाचा भाग टिकला आणि एएस४ या संदेश पोचवण्याच्या मानकाच्या रूपाने आजही वापरात आहे. कंपन्यांनी एकमेकांना शोधून आपोआप करार जुळवावेत अशी जी मोठी स्वप्नं त्यात होती, ती वापरणाऱ्यांनी बाजूला ठेवली. खोली भरलेली असली तरी ती बहुतांशी तंत्रज्ञांनी भरलेली होती.

याच सुमारास, २००० मध्ये, आयएसओ, विद्युत क्षेत्राची मानकं ठरवणारी आयईसी, दूरसंचार क्षेत्राची आयटीयू आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोप आर्थिक आयोग यांनी ई-व्यवसाय मानकांबाबत सामंजस्य करार केला. एकच काम दोघांनी करू नये हा त्याचा मुख्य हेतू. पण वापरकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनाही त्याच्या व्यवस्थापन गटात जागा दिली गेली, ही त्यातली वेगळी गोष्ट.

अभिप्राय द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. आयएसओच्या मसुद्यावर मत नोंदवायचा तक्ता घ्या. पहिल्या रकान्यात कोणत्या देशाकडून, मग कलम आणि परिच्छेद, मग प्रकार: सामान्य, तांत्रिक की संपादकीय. त्यानंतर म्हणणं काय, आणि त्याच्या शेजारी सुचवलेला बदल, तोही मसुद्यात जसाच्या तसा घालता येईल अशा शब्दांत. शेवटचा रकाना सचिवालयाच्या उत्तरासाठी. ‘हे आमच्या हिशेबनिसाला झेपणार नाही’ असं लिहून सुचवलेल्या बदलाचा रकाना रिकामा सोडला, तर त्या तक्रारीचं पुढे काही होणं अवघड. तक्ता समितीच्या सोयीचा आहे, आणि असायलाही हवा, नाहीतर हजारो नोंदी निकालात काढणार कोण? पण त्याची भाषा येणाऱ्यालाच तो बोलतं करतो.

या कोंडीतून एक वेगळी वाट डेन्मार्कमध्ये सापडली. ओएसिसमध्ये जॉन बोसॅक यांच्या अध्यक्षतेखाली २००१ पासून यूबीएल ही मोफत, खुली शब्दावली तयार होत होती. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. डेन्मार्क सरकारने तितकीही वाट न बघता ०.७ या मसुद्यावरच आपलं बीजक बेतलं आणि १ फेब्रुवारी २००५ पासून सरकारी कार्यालयांना इलेक्ट्रॉनिक बीजकच घ्यायला लावलं. ज्या छोट्या पुरवठादारांना ते जमणार नव्हतं, त्यांना कागदी बिल स्कॅन करून देणाऱ्या केंद्रांकडे पाठवायची मुभा होती. बैठकीला कधीही न आलेला माणूस इथे पहिल्यांदा मानकाला रोज हात लावू लागला आणि त्याला काय जमत नाही ते आपोआप नोंदलं जाऊ लागलं. लवकरच उत्तर युरोपातल्या देशांनी ब्रिटनसह एक गट केला, यूबीएलमधलं सगळ्यांनी वापरायचं तेवढं निवडून समान उपसंच ठरवला आणि त्या अनुभवातलं बरंच काही डिसेंबर २००६ च्या यूबीएल २.० मध्ये उतरलं.

ओएसिसचे नियमही यात उपयोगी ठरले. मसुदा ठरावीक दिवस जाहीर ठेवायचा, आलेली प्रत्येक सूचना आणि तिचा निकाल नोंदवायचा, आणि अंतिम मतदानाआधी किमान तिघांनी ‘आम्ही हे वापरून पाहिलं’ असं लेखी द्यायचं. शेवटची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तरीही फुगण्याचा रोग यूबीएललाही चुकला नाही. पहिल्या आवृत्तीत आठ प्रकारचे दस्तऐवज होते, २.० मध्ये ३१, २.१ मध्ये ६५, २.२ मध्ये ८१ आणि २०२१ च्या २.३ मध्ये ९१. २.० पासून जुनं मोडायचं नाही असं ठरल्यामुळे भर पडते, वजाबाकी होत नाही.

युरोपीय संघाने सरकारी खरेदीतल्या इलेक्ट्रॉनिक बीजकाबाबतच्या २०१४ च्या निर्देशात हे ओळखून उलट बाजूने सुरुवात केली: बीजकात किमान काय असलंच पाहिजे तो गाभा आधी ठरवा, बाकीचं जोडपत्रात. त्यातून २०१७ मध्ये ईएन १६९३१ हे मानक आलं. प्रकाशनापूर्वी ते प्रत्यक्ष वापरणाऱ्याला झेपतं का आणि खर्च किती येतो, याची चाचणी घेण्याची अट निर्देशातच होती. लहान उद्योग आणि ग्राहक यांच्या संघटनांना मानकांच्या कामात बसण्यासाठी पैसा देण्याची तरतूद त्याआधी २०१२ च्या नियमावलीत झाली होती. प्रवासखर्चाचा प्रश्न अखेर कायद्याच्या भाषेत लिहिला गेला, असं म्हणता येईल.

या मानकावर चालणाऱ्या पेपोल या इलेक्ट्रॉनिक बीजकं पोचवणाऱ्या जाळ्यात बदलाच्या विनंत्या आता सतत येतात आणि तपासणीचे नियम वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सुधारून निघतात. ईडीफॅक्टच्या ए आणि बी सारखेच. फरक इतकाच की नियम बिघडला तर दुसऱ्याच दिवशी बिलं नाकारली जातात आणि ओरड लगेच होते. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाने मूल्यवर्धित कराचे नवे नियम मंजूर केले. त्यानुसार जुलै २०३० पासून सीमेपलीकडच्या कंपन्यांमधल्या व्यवहारालाही इलेक्ट्रॉनिक बीजक लागेल. सरकारी खरेदीसाठी बेतलेला ईएन १६९३१ चा गाभा त्यासाठी पुन्हा उघडला गेला आणि सूट, हप्ते, आगाऊ रक्कम अशा खाजगी धंद्यातल्या गरजांच्या मागण्या रांगेत उभ्या राहिल्या.